कमरेतला नवा सांधा : एल-फोर, एल-फाइव्ह आणि मी

ऑपरेशन होऊन घरी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "म्हणजे गादी बदलली ना?" आईने तर थेट विचारलं, "मग आत आता कापूस कसला घातलाय?" पोटावर टाके ताजे होते, हसणं महाग पडलं. (हो, पोटावरच. त्याबद्दल पुढे येईल.)

आईचा प्रश्न मात्र नेमका होता. माझ्या कमरेतून दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, काढली आणि तिच्या जागी बसवला एक सांधा, धातूचा आणि प्लास्टिकचा. दाबला तर दबत नाही, फक्त हलतो. हा फरक आधी कुणी नीट सांगितला असता तर माझे सात-आठ महिने वाचले असते, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये डाय मेंटेनन्सला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांच्या देखभालीला आहे, वय ४२. माझ्या कमरेचा हिशेब तुमच्या कमरेला जसाच्या तसा लावू नका.

तारीख पक्की आठवते, १८ जुलै २०२३, मंगळवार, सेकंड शिफ्ट. एका डायचा गाइड पिलर, म्हणजे डायचे दोन भाग एका रेषेत ठेवणारा खांब, बदलायचा होता आणि क्रेन शेडच्या पलीकडच्या भागात अडकलेली. पिलर फार तर वीस किलोचा. वाकलो, थोडा वळलो, उचलला, आणि कमरेत अशी चमक भरली की पिलर हातातून सुटून पायापासून वीतभर लांब पडला. आई म्हणाली उसण भरली. शेक, मालीश, पट्टा, आठवडाभर सुट्टी. बरं वाटलं. गणपतीत आरास करताना पुन्हा तेच. दिवाळीनंतर मग दर महिन्याला.

दुखणं पायात फारसं उतरत नव्हतं. आपल्याकडे कंबर दुखली की लोक लगेच सायटिका म्हणतात. माझं तसं नव्हतं. खोल, कमरेच्या मधोमध, वीस मिनिटं बसलं की वाढणारं दुखणं. नोव्हेंबरात एमआरआय केला, ६,५०० रुपये. फॅमिली डॉक्टरांनी नेहमीचं वाक्य सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय." वास्तविक उलटं होतं. चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यामधली (एल-फोर आणि एल-फाइव्ह) जागा कमी झाली होती, गादी वाळून चेपली होती. एमआरआयमध्ये पाण्याने भरलेली निरोगी गादी पांढरट दिसते, माझी ती एकच काळी. बाकीच्या सगळ्या ठीक, पाचव्याखालची जराशी मळकट.

गादीची रचना मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावली आणि मी ती लगेच टायरच्या भाषेत करून घेतली. मधे जेलीसारखा गर, भोवती तंतूंचे पंधरा-वीस थर, प्रत्येक थराचे धागे शेजारच्याला तिरपे छेद देणारे. हुबेहूब क्रॉस-प्लाय टायर. आतला दाब चांगला असेपर्यंत भिंती ताणलेल्या राहतात आणि वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. गर वाळला की टायर बसतो, मग भिंतीच वजन झेलायला लागतात आणि चिरतात. त्यात गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे चिरलेलं लवकर भरून येत नाही.

मॅडमच्या क्लिनिकमध्येच मला एक तक्ता मिळाला, त्याने माझी उचलण्याची सवय कायमची बदलली. जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या याच गादीत, चौथ्या-पाचव्याच्या मधे, दाब मोजणारा सेन्सर बसवून रोजची कामं करायला लावली होती. ती मापं १९९९ साली छापून आली. मी ती बारमध्ये (हवेचा दाब मोजतो ते एकक) करून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवली आहेत. पालथं झोपलं की १ बार. सैल उभं राहिलं की ५ बार, म्हणजे आमच्या शॉपच्या हवेच्या लाइनपेक्षा थोडा कमी. पाठ गोल करून २० किलो उचललं की २३ बार. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १७. आणि रात्री सात तास झोपेत गादी पाणी शोषत असताना दाब १ वरून हळूहळू २.४ वर गेला. म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकून काही करू नका. बूट, बादली, पाण्याची मोटर, काहीही. गादी तेव्हा फुगून ताठ झालेली असते. मला औषधापेक्षा हा सल्ला जास्त लागू पडला.

डिसेंबर ते मे फिजिओथेरपी केली, दर वेळचे ४०० रुपये, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक पावती तारखेसह घ्या आणि जपा. मी सुरुवातीच्या सहा-सात फेकल्या, ते पुढे महागात पडणार होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेन क्लिनिकमध्ये मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांत इंजेक्शन घेतलं. त्यांना फॅसेट म्हणतात. १८,००० रुपये गेले, फरक शून्य. घरी येऊन मी बायकोसमोर वैतागलो की पैसे पाण्यात गेले. पण याच इंजेक्शनचा कागद नंतर सगळ्यांत कामाचा ठरला. कसा, ते सांगतो.

मार्च २०२४ मध्ये पहिले स्पाइन सर्जन भेटले. त्यांनी सांगितलं, फ्यूजन करू. मागून स्क्रू आणि रॉड टाकून दोन्ही मणके जोडायचे, मधे हाड भरायचं. दुखणाऱ्या जागी हालचालच राहिली नाही तर दुखणं कमी होईल. ऑपरेशन जुनं, पक्कं, करणारे भरपूर. माझा एकच प्रश्न होता, एक जागा जाम झाली तर तिथली हालचाल कोण करणार? ते म्हणाले, वरची आणि खालची. मला लगेच आमची एक प्रेस आठवली. तिथे एक बेअरिंग जाम झालं होतं, दुसऱ्याच महिन्यात शेजारचं गेलं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, शेजारच्या गाद्यांवर ताण वाढतो हे खरं, पण किती जणांना त्याचा त्रास होतो आणि त्यातला किती वयामुळेच झाला असता, यावर आमच्यात वाद आहे.

दुसरे सर्जन म्हणाले काहीच करू नका, वजन आठ किलो कमी करा. पाच केलं. कंबर जराशी हलकी झाली, बसणं मात्र तसंच. जूनमध्ये एका मीटिंगमध्ये मी तासभर भिंतीला टेकून उभा होतो आणि प्लांट हेड मला सारखे बसा म्हणत होते. त्या रात्री ठरवलं की तिसरं मत घ्यायचं.

तिसरे डॉक्टर मुंबईचे, कृत्रिम डिस्क बसवणारे. २ जुलै २०२४, सकाळची वेळ, प्रत्यक्ष नंबर दुपारी पावणेतीनला. कन्सल्टेशन २,००० रुपये. त्यांनी प्लास्टिकचा मणका हातात दिला आणि "आमची डिस्क तुमच्या डिस्कसारखीच हलते" असं सुरू केलं. मी मधेच विचारलं, "डॉक्टर, फिरण्याचं केंद्र कुठे आहे?" त्यांनी पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वर केली. पुढची वीस मिनिटं सोन्याची होती.

निरोगी कमरेत या एका जोडीची पुढे-मागे वाकण्याची हालचाल सगळी मिळून साधारण १६ अंश. पीळ मात्र एका बाजूला जेमतेम दोन अंश, कारण मागचे दोन फॅसेट सांधे जास्त फिरू देत नाहीत. म्हणजे प्रत्येक मजल्यावर तीन सांधे असतात, पुढे गादी आणि मागे हे दोन. सरळ उभं असताना वजनाचा मोठा वाटा पुढे, ढोबळमानाने सहावा हिस्सा मागे. वाकताना वरचा मणका ज्या बिंदूभोवती फिरतो तो एका जागी स्थिर नसतो. हालचालीबरोबर तो थोडा सरकतो आणि बहुतेक वेळ गादीच्या मागच्या अर्ध्या भागात, खालच्या मणक्याच्या वरच्या कडेजवळ असतो.

आता तिथे आपण धातूचा सांधा बसवला तर त्याचं स्वतःचं केंद्र असणार आणि मागच्या फॅसेट सांध्यांचा स्वतःचा मार्ग. दोन्ही जुळले तर छान. न जुळले तर? डाय सेटमध्ये दोन गाइड पिलर एकमेकांना समांतर नसले की काय होतं ते मी रोज बघतो. डाय बंद होते, पण बुश, म्हणजे पिलर ज्यात सरकतो ती नळी, खाते. इथे बुश म्हणजे माझे फॅसेट. "तुम्हाला वेगळं काही समजवायला नको," डॉक्टर म्हणाले.

या सांध्याचा इतिहासही त्यांनी थोडक्यात सांगितला आणि मी तो घरी येऊन आणखी वाचला. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम नावाच्या सर्जननी गादीच्या जागी चक्क स्टीलचा गोळा बसवला. गोळा हाडात रुतत गेला. आम्ही हार्डनेस मोजायला ब्रिनेल टेस्टमध्ये मुद्दाम हेच करतो, गोळ्याने खड्डा पाडतो. नंतर १९८४ साली पूर्व बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये दोन ताटल्या आणि मधे मोकळी सरकणारी प्लास्टिकची चकती अशी डिस्क बसवली गेली. ती तयार करणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं मिळवलेल्या खेळाडू. कमरेचं वाकणं ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांनीच सांधा काढावा, हे मला फार आवडलं. आपल्या एखाद्या मल्लखांबवाल्या मुलीने असं काही करावं. पुढे फ्रान्समध्ये थिएरी मार्ने यांनी दुसरा रस्ता घेतला. त्यांच्या डिस्कमध्ये प्लास्टिकचा घुमट खालच्या ताटलीत पक्का, त्यावर वरची वाटी फिरते. ती पहिल्यांदा १९९० साली बसवली. अमेरिकेच्या एफडीएने बर्लिनवालीला २००४ मध्ये आणि फ्रान्सवालीला २००६ मध्ये मान्यता दिली.

दोघींमधला फरक मेंटेनन्सवाल्याला एका ओळीत कळतो. सरकत्या चकतीचं केंद्र हालचालीबरोबर जागा बदलतं, म्हणजे ती निसर्गाच्या जवळ, पण पुढे-मागे घसरण्याचा जोर, आमच्या भाषेत शिअर, ती थोपवत नाही. तो जोर फॅसेट झेलतात. पक्क्या घुमटाचं केंद्र ठरलेलं, शिअर ती स्वतः घेते, पण बसवताना केंद्र दोन-तीन मिलिमीटर चुकलं तर ती चूक आयुष्यभराची. माझ्यासाठी दुसऱ्या प्रकारची निवडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कुठली डिस्क यापेक्षा कुठे आणि कोणत्या कमरेत बसवली याला महत्त्व जास्त, असं माझं मत झालंय.

आणि हे धातू-प्लास्टिक धक्के शोषत नाही. कोबाल्ट-क्रोमच्या ताटल्या, मधे पॉलिथिलीन. आमच्या मावशीच्या गुडघ्यातही असलीच जोडी आहे. झीज किती होते, याची आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी मी शोधून वाचली. ६०० ते २,००० न्यूटन भार, पुढे ६ अंश आणि मागे ३ अंश, शिवाय दोन्ही बाजूंना वाकणं आणि पीळ, असे १ कोटी फेरे. सेकंदाला एक या वेगाने मशीन जवळपास चार महिने सलग चालतं. हे वाचून मला ऑपरेशनची पहिल्यांदा भीती कमी वाटली. कदाचित हा माझा धंद्याचा आजार असेल.

डॉक्टरांनी त्या दिवशी होकार दिला नाही. म्हणाले, आधी या ऑपरेशनला तुम्ही योग्य आहात का ते बघू. जुलै-ऑगस्ट यातच गेले. सीटी स्कॅनमध्ये फॅसेट झिजलेले नाहीत ना हे पाहिलं, कारण ते झिजलेले असतील तर पुढे नवीन सांधा बसवून दुखणं मागे राहतंच. इथे माझा फेब्रुवारीतला "पाण्यात गेलेला" कागद कामी आला. फॅसेट बधिर करूनही दुखणं राहिलं, म्हणजे दोष तिथे नाही. वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेत मणका पुढे घसरत नाही ना ते तपासलं. डेक्सा करून हाडांची घनता मोजली, कारण ठिसूळ हाडात ताटली रुतते. मणक्याची वरची पाटी मधे मऊ आणि कडेला कणखर असते, म्हणून कडेपर्यंत टेकेल एवढी मोठी ताटली घ्यायची. धातूची ॲलर्जी आहे का हेही विचारलं. या सगळ्या तपासण्यांचे १४,२०० रुपये. माझ्याच बाकावर बसलेल्या एका काकांना फॅसेट खराब म्हणून नकार मिळाला. ते फार हिरमुसले होते. मला वाटतं त्यांना खरा डॉक्टर भेटला.

आता कागदपत्रं. इथे कंटाळू नका, माझी खरी दमछाक इथेच झाली.

कंपनीची ग्रुप पॉलिसी ५ लाखांची. हॉस्पिटलचा अंदाज पावणेसात ते सात लाख. एचआरच्या पोरीने सांगितलं म्हणून कळलं की पॉलिसीत कॉर्पोरेट बफर असतो, मोठ्या आजारात एचआरच्या पत्रावर वरची रक्कम मिळू शकते. मला २ लाख मंजूर झाले, पत्र यायला १९ दिवस. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. सिंगल रूम ९,००० ची. वरचे चार हजार आपण भरू असं मी म्हणणार होतो. हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या ताईंनी अडवलं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ती लागत नाही, पण उरलेलंही कमी नसतं. मी ४,८०० रुपयांची दोघांची खोली घेतली.

कॅशलेसचा अर्ज १८ नोव्हेंबरला गेला. नियमाने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, पण क्वेरी आली की घड्याळ थांबतं. मला तीन आल्या. पहिली, सहा महिने बिनऑपरेशनचे उपचार केल्याचा पुरावा. फेकलेल्या पावत्यांसाठी फिजिओ मॅडमकडून लेटरहेडवर तारखांची यादी आणली. दुसरी, हे ऑपरेशन प्रायोगिक आहे का? डॉक्टरांनी दोन पानी पत्र दिलं. तिसरी, फ्यूजन का नाही? पुन्हा पत्र, सोबत सीटीचा रिपोर्ट आणि तो इंजेक्शनचा कागद. २७ नोव्हेंबरला २ लाखांची पहिली मंजुरी आली. ती बघून घाबरू नका, सुरुवातीची रक्कम अशीच येते, उरलेली बिल वाढत जाईल तशी मागावी लागते. हाताशी रोख असावी म्हणून पीएफमधून आजारपणाचा ॲडव्हान्स काढला, फॉर्म ३१, ऑनलाइन. १ लाख रुपये नवव्या दिवशी खात्यात.

ऑपरेशन १० डिसेंबर २०२४ ला ठरलं. आदल्या संध्याकाळी संमतीपत्र. इथे एक गोष्ट पुरुषांनी नीट वाचावी. पोटातून मणक्याकडे जाताना तिथल्या बारीक मज्जातंतूंना धक्का लागला तर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं. ताकद जात नाही, मूल होण्याची अडचण होते. अजून मूल हवं असेल तर आधी वीर्य साठवून ठेवा, असं डॉक्टरांनी बायकोसमोरच सांगितलं. बायको खाली मान घालून फॉर्म वाचत होती. आमच्या दोन मुली आहेत. सही केली.

पोटातून का? मागून गेलं तर मधे मज्जातंतूंची पिशवी येते, एवढी मोठी ताटली तिच्या बाजूने सरकत नाही. पुढून गादीचा सगळा चेहरा मोकळा मिळतो. पण पुढे शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि चौथ्या मणक्यासमोरच त्या दोन्ही पायांकडे फुटतात. म्हणून रक्तवाहिन्यांचे वेगळे सर्जन आधी वाट करून देतात. ते कोण आहेत आणि असं काम किती वेळा केलंय हे विचाराच. मला हे विचारायला संकोच वाटत होता, विचारल्यावर त्यांनी आनंदाने सांगितलं. आदल्या दिवशी फक्त पातळ आहार, रात्री एनिमा, पोट रिकामं.

सकाळी साडेसातला आत नेलं. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला पाहिला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, हातालाही आहे की? म्हणाल्या, रक्तवाहिनी बाजूला दाबून धरल्यावर पायात रक्त पोचतंय का ते कळायला. त्यानंतरचं काही आठवत नाही. तीन तास दहा मिनिटं लागली, २०० मिली रक्त गेलं. चौथ्या-पाचव्याच्या मधे १० मिलिमीटर उंचीची, ६ अंश कोनाची मध्यम डिस्क. मोठी का नाही बसवली, असं मी नंतर विचारलं. जास्त उंच बसवली की मागचे सांधे ताणून उघडतात आणि तेच दुखायला लागतात.

पुढच्या दोन दिवसांत नर्सपासून सर्जनपर्यंत प्रत्येकाला माझ्याकडून एकच बातमी हवी होती, गॅस पास झाला का? पोटाला हात लागला की आतडी रुसतात. ३२ तासांनी बातमी दिली तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी "चला, झालं एकदाचं" म्हणून पहिला चहा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉकर घेऊन उभं केलं होतं. तेव्हा बायको माझे पाय चोळताना दचकली. उजवा पाय गार, डावा गरम. ती धावत नर्सकडे. उजवा ठीकच होता, डावाच जास्त गरम झाला होता. डाव्या बाजूने गेल्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंना धक्का लागतो आणि पाय गरम राहतो. दीड-दोन महिन्यांत आपोआप गेलं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१४ तारखेला डिस्चार्ज. बिल ६,९४,०००, त्यात डिस्क २,६५,०००. विम्याने हातमोजे-किट वगैरेचे ४१,३०० कापले आणि डिस्कची किंमत "वाजवीपेक्षा जास्त" म्हणून आणखी ६५,०००. माझ्या खिशातून १,०६,३००. डिस्कच्या खोक्यावरचे स्टिकर आणि पुरवठादाराचं मूळ बिल फाइलला लागलंय ना, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा. मी फोटो काढून ठेवले होते. त्यावर तक्रार केली, उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाईन असंही लिहिलं. ४७ दिवसांनी ४०,००० परत आले. उरलेल्या पंचवीससाठी भांडायची ताकद नव्हती.

मुंबई-पुणे गाडीतून, सीट मागे रेलून, दोनदा उतरून चालत. घरी पट्टा सहा आठवडे. एकच कडक नियम होता, तीन महिने मागे झुकायचं नाही. डिस्क आत घालताना मणक्यांच्या पुढचा मजबूत पट्टा कापावा लागतो, आणि मागे झुकण्याला लगाम तोच घालत असतो. त्यामुळे वरच्या फळीवरचा डबा काढणं, पंख्याकडे बघत आळस देणं, सगळं बंद. वाकण्याची भीती सगळ्यांना असते, इथे धोका उलट बाजूला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं चालणं, महिनाअखेर चाळीस. दुचाकी सहा आठवडे नाही, आणि मी आणखी सहा आठवडे स्वतःहून नाही, कारण आमचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

सातव्या आठवड्यात कमरेच्या दोन्ही बाजूंना नवीनच दुखणं सुरू झालं. दोन रात्री मी छताकडे बघत पडून होतो, वाटलं सगळं वाया गेलं. डॉक्टर फोनवर शांत होते. वर्षानुवर्षं चेपलेली जागा एकदम उंच झाली की मागच्या सांध्यांच्या पिशव्या ताणल्या जातात, सवय व्हायला वेळ लागतो. बाराव्या आठवड्यापर्यंत ओसरलं. त्या दोन रात्रींसाठी तुम्हाला हा परिच्छेद लक्षात राहावा.

१० मार्च २०२५ ला कामावर रुजू झालो. सर्जनचं फिटनेस सर्टिफिकेट पुरलं नाही, कारखान्याच्या डॉक्टरांचंही लागलं. सहा महिने दहा किलोच्या वर उचलणं नाही. गेटवरचा मेटल डिटेक्टर पहिल्याच दिवशी कमरेपाशी वाजला. सिक्युरिटीवाल्या दादांना इम्प्लांट कार्ड दाखवलं तर ते म्हणाले, "साहेब, माल आत घेऊन जाताय, बाहेर नाही ना, जा." ते कार्ड पाकिटात कायम ठेवा. एमआरआय करता येतो, पण त्या जागेचं चित्र धातूमुळे फाटतं.

दुखणं पूर्ण गेलं का? नाही. ऑपरेशनआधी दहा प्रश्नांच्या फॉर्ममध्ये माझा त्रास १०० पैकी ५४ होता, आता १६. दोन तासांच्या मीटिंगनंतर कंबर अजून आठवण करून देते. आणि पुढे कधी हा सांधा बिघडला तर सहसा तो काढत नाहीत. पोटातल्या रक्तवाहिन्या पहिल्या ऑपरेशनच्या व्रणात चिकटलेल्या असतात, पुन्हा त्या वाटेने जाणं धोक्याचं. मागून स्क्रू टाकून जागा जाम करतात, म्हणजे पहिल्या सर्जननी सुचवलं होतं तेच. हे मला आधीच सांगितलं होतं आणि मी ते मान्य करून टेबलावर चढलो.

९ डिसेंबर २०२५ ला वर्षाची तपासणी झाली. पुढे वाकून आणि मागे झुकून एक्स-रे, ९०० रुपये. सीडी मागून घेतली, रात्री मुलीच्या लॅपटॉपवर दोन्ही फोटो उघडून ताटल्यांवर रेषा मारल्या आणि कोन काढला. हालचाल ९ अंश. रिपोर्टमध्ये ८ लिहिलेत. पुन्हा मोजलं तर ७ आले, तिसऱ्यांदा ९. डॉक्टरांना फोन करून विचारलं, नेमकं किती धरायचं? म्हणाले, एक्स-रेवर एवढा फरक मोजण्यातच जातो, सांधा हलतोय एवढं बघा. आमच्या क्वालिटीवाल्यांनी असला गेज पहिल्याच दिवशी लाल स्टिकर लावून परत पाठवला असता.